परवाना कुणाचा, वाट कुणाची? दख्खनच्या दारातील इटालियन प्रवासी

१/
१४९२ साली जिनोव्हाचा एक दर्यावर्दी स्पेनच्या राजा-राणींकडून लॅटिन भाषेतील एक पत्र घेऊन निघाला. हा आमचा माणूस तीन जहाजांसह महासागरातून हिंदुस्थानच्या दिशेने जात आहे, असा त्या पत्राचा आशय होता. आजच्या भाषेत ते त्याचे पारपत्रच. कोलंबस पोहोचला मात्र कॅरिबियन बेटांवर. तिथल्या किनाऱ्यावर त्याला कोणी कागद विचारला नाही. विचारला असता तरी तो वाचणारे तिथे कोणी नव्हते. हिंदुस्थानच्या नावाने काढलेला परवाना भलत्याच दारात खपला आणि त्या बेटांना ‘वेस्ट इंडीज’ हे नाव कायमचे चिकटले.

२/
आज इटलीचा पर्यटक त्याच कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात जातो तेव्हा त्याला पारपत्र दाखवावे लागते आणि एक ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. तोच पर्यटक भारतात यायचा असेल तर पारपत्राबरोबर व्हिसाही लागतो. नियम लिहिलेले असतात आणि ते सर्वांना आधी वाचता येतात. पण चारशे-पाचशे वर्षांपूर्वी बोलोन्या, व्हेनिस, रोम किंवा नेपल्सहून निघालेला माणूस चौल, गोवा वा सुरतेच्या दारात उभा राही, तेव्हा त्याला काय दाखवावे लागे? या थ्रेडमध्ये त्याच प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. त्याचे एक टोक वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरच्या परिसरापर्यंत पोहोचते.

३/
पहिला साक्षीदार बोलोन्याचा लुदोविको दी वार्थेमा. दमास्कसमध्ये तो मामलुक सैनिकांत सामील झाला, ‘युनुस’ हे नाव घेतले आणि हजच्या काफिल्याबरोबर मक्केपर्यंत गेला. पुढे अरबी समुद्र ओलांडून तो गुजरात, चौल आणि दाभोळ करीत गोव्याला आला. पोर्तुगीजांनी अजून गोवा घेतला नव्हता. तिथे आदिलशाही अंमल होता. वार्थेमाचे प्रवासवर्णन १५१० मध्ये रोमला छापले गेले. त्याचा वेश, त्याचे नाव आणि त्याने शिकून घेतलेली अरबी भाषा हीच त्याची कागदपत्रे होती.

४/
गोव्याच्या अंमलदाराविषयी वार्थेमा एक मजेशीर गोष्ट सांगतो. या अंमलदाराच्या पदरी चारशे मामलुक होते. कोणी गोरा माणूस आला की त्याला चाकरीत घेण्याची त्याला हौस असे आणि पगारही दरमहा सोन्याची पंधरा-वीस नाणी इतका भरघोस. पण त्याआधी परीक्षा होई. कातड्याची दोन जाकिटे मागवली जात. एक अंमलदार स्वतः घाली, दुसरे आलेला उमेदवार. मग दोघांची झुंज होई. माणूस बळकट निघाला तर त्याचे नाव लढवय्यांच्या यादीत चढे, नाही तर त्याला दुसरे एखादे काम मिळे. कोणत्या राजाचा, कोणत्या धर्माचा, हे प्रश्न त्या यादीच्या दृष्टीने दुय्यम होते.

५/
१५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकला आणि दाराचे स्वरूप पालटले. पोर्तुगीजांनी समुद्रालाच दार बसवले. अरबी समुद्रातून जाणाऱ्या जहाजाने त्यांचा ‘कार्ताझ’ घ्यावा, असा त्यांचा दंडक होता. जहाजाचे नाव, नाखवा, माल, शस्त्रे आणि जाण्याचे बंदर हे सारे त्या कागदावर लिहिलेले असे. मिरी किंवा युद्धसामग्री नेण्यास मनाई असे आणि पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरावी लागे. कार्ताझाशिवाय सापडलेले जहाज मालासकट जप्त होई. जो समुद्र पिढ्यानपिढ्या सर्वांचा होता, त्यावर चालण्यासाठी आता कुणाची तरी परवानगी काढावी लागू लागली.

६/
या कागदाचा जाच केवळ पैशांचा नव्हता. अकबराच्या दरबारातील इतिहासकार बदायुनी लिहितो की, कार्ताझावर मेरी आणि येशू यांची चित्रे असत. हजला जाणाऱ्या मुसलमान यात्रेकरूंनी असा कागद जवळ बाळगणे म्हणजे अपमान, असे काही उलेमांना वाटे. म्हणून अशा परिस्थितीत हजयात्रा बंधनकारक राहत नाही, असाही युक्तिवाद केला गेला. मुघल बादशहा, आदिलशहा, निजामशहा या सर्वांच्या जहाजांना या कागदाशी जमवून घ्यावे लागले. जमिनीवर साम्राज्ये असलेल्या सत्ताधीशांची जहाजे पाण्यावर परवान्याने चालत होती.

७/
मग इटालियनांचे काय? पाद्री म्हणून यायचे असेल तर नियम स्पष्ट होता. पूर्वेकडील धर्मकार्यावर पोर्तुगालच्या राजाचा हक्क पोपने मान्य केला होता. त्यामुळे मिशनरी कोणत्याही देशाचा असो, त्याने लिस्बनला यावे, राजाची संमती घ्यावी आणि पोर्तुगीज जहाजाने निघावे, अशी रीत पडली होती. किएतीचा आलेस्सांद्रो वालिन्यानो १५७४ मध्ये असाच गोव्याला आला. पुढे चीनमध्ये नाव कमावलेला माचेराताचा मात्तेओ रिच्ची १५७८ च्या सप्टेंबरात गोव्यात उतरला. त्याच जहाजताफ्यातून नेपल्सच्या राज्यातील एका सरदार घराण्याचा मुलगा रोदोल्फो आक्वाविवा आला.

८/
आक्वाविवाकडे परवान्यांची वाण नव्हती. पोप, पोर्तुगालचा राजा आणि जेझुइट संघ या तिघांचाही त्याला पाठिंबा होता. १५८० मध्ये अकबराने बोलावलेल्या पहिल्या जेझुइट मंडळाचा तो प्रमुख होता. बादशहाच्या निमंत्रणावरून तो फत्तेपूर सिक्रीला गेला, तिथे सन्मानाने राहिला आणि १५८३ मध्ये सुखरूप परत आला. परक्या धर्माच्या दरबारात त्याच्या केसालाही धक्का लागला नाही, कारण त्या घरच्या धन्यानेच त्याला आत बोलावले होते.

९/
परतल्यावर काही महिन्यांतच, जुलै १५८३ मध्ये, तो साष्टीतील कुंकळ्ळी गावी गेला. त्या परिसरातील देवळे पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केली होती आणि गावकऱ्यांच्या मनात ती जखम ताजी होती. चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या मंडळींवर गावकऱ्यांनी हल्ला केला. आक्वाविवासह पाच जेझुइट आणि त्यांच्याबरोबरचे काही लोक मारले गेले. पुढे बोलणी करण्याच्या निमित्ताने कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. कोणताही खटला चालला नाही.

१०/
या घटनेची आठवण दोन्ही बाजूंनी जपली आहे. कॅथलिक चर्च त्या पाच जणांना हुतात्मे मानते; कुंकळ्ळीत गावकऱ्यांच्या स्मरणार्थ स्मारक उभे आहे. प्रवेशाच्या इतिहासात मात्र या घटनेचा एक वेगळा अर्थ आहे. सिक्रीला जाताना घरधन्याचे आमंत्रण होते. कुंकळ्ळीला जाताना लिस्बन आणि रोमची संमती होती, पण ज्यांचे गाव होते त्यांना कोणी विचारले नव्हते. परवान्यावर शिक्का कुणाचा आहे, याइतकाच तो कुणाच्या दारात दाखवला जातो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. दोन्ही बाजूंनी त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी चुकवली.

११/
त्याच वर्षी, १५८३ मध्ये, होर्मुझच्या बंदरात आणखी एक प्रसंग घडला. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी हे चार इंग्रज तिथे पोहोचले. न्यूबेरीजवळ इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने अकबर बादशहाला लिहिलेले पत्र होते. होर्मुझमध्ये मिकेले स्त्रोपेने नावाचा व्हेनिसचा व्यापारी होता. इंग्रज या व्यापारात शिरले तर आपले नुकसान, हे त्याने ओळखले. हे हेर आहेत, अशी चुगली त्याने पोर्तुगीज अधिकाऱ्याकडे केली. चौघांना पकडून गोव्याच्या तुरुंगात धाडण्यात आले.

१२/
इटालियन माणूस आत आणि इंग्रज कोठडीत, असे का झाले? १५८० पासून पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे होते आणि त्या गादीवर हक्क सांगणारा दों आंतोनियो इंग्लंडच्या आश्रयाला गेला होता. त्यामुळे प्रत्येक इंग्रज संशयित होता. व्हेनिसचा व्यापारी कॅथलिक होता आणि त्याच्या प्रजासत्ताकाचे वैर नव्हते. त्याला बंदरात मुभा होती. राणीचे पत्र अकबरासाठी होते आणि अकबरापर्यंत पोहोचले असते तर उपयोगी पडलेही असते. पण वाटेतल्या दारावर पोर्तुगीज बसले होते आणि त्यांच्या लेखी तेच पत्र संशयाचा पुरावा होता.

१३/
या चौघांना सोडवण्याच्या खटपटीत जी नावे येतात त्यांतील एक मराठी वाचकाला चकित करणारे आहे: फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट पुढे मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहिणार होता. ते १६१६ मध्ये छापले गेले. स्टीफन्स आणि डच तरुण लिन्सखोटेन यांच्या मदतीने कैद्यांना जामीन मिळाला. स्टोरीने गोव्यातच राहण्याचे ठरवले. उरलेले तिघे एप्रिल १५८४ मध्ये गुपचूप निसटले, नदी ओलांडून आदिलशाही मुलखात शिरले आणि बेळगावच्या वाटेला लागले. कागदांपेक्षा जामीनदार कामाला आला, आणि जामिनापेक्षा पाय.

१४/
पुढची वाट विजापूर, गोवळकोंडा, बीदर अशी गेली. तिथून फिच ज्या ‘बेल्लापोर’चा उल्लेख करतो ते बाळापूर असल्याचे अभ्यासक मानतात. बाळापूर आज अकोला जिल्ह्यात आहे. पुढे बऱ्हाणपूर आणि शेवटी अकबराचा दरबार. म्हणजे हे प्रवासी वऱ्हाडातून गेले. मेहकर, चिखली, अमडापूर, खामगाव हा सारा टापू याच वाटांच्या शेजारचा. चिखली-खामगाव रस्त्यावरचे अमडापूर आज बल्लाळदेवीच्या टेकडीमुळे ओळखले जाते. समुद्रावरच्या दारांची चर्चा सगळीकडे होते. पण आतल्या मुलखाला किती दारे होती, हे या वाटेवरून कळते.

१५/
मोजून पाहावे. १५८४ मध्ये गोव्याहून बऱ्हाणपूरला जाणाऱ्या माणसाने पोर्तुगीज, आदिलशाही, कुतुबशाही, बरीदशाही, निजामशाही आणि फारुकी अशा सहा सत्तांचा मुलूख ओलांडला. वऱ्हाडची इमादशाही १५७४ मध्येच संपली होती आणि प्रांत अहमदनगरच्या निजामशहाकडे गेला होता. या सीमांवर काटेरी कुंपण नव्हते. नदीचे उतार, घाट आणि बाजारपेठा हीच तपासणीची ठिकाणे होती. नाक्यावरचा माणूस ‘तू कोण’ यापेक्षा ‘तुझ्याबरोबर काय आहे’ हे अधिक विचारी. जकात मालावर होती. रिकाम्या हाताचा प्रवासी सहसा नाक्यापेक्षा चोराला भिऊन चाले. म्हणून लोक तांड्याबरोबर, काफिल्याबरोबर निघत.

१६/
आता पुन्हा गोव्याच्या खाडीवर. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला लिन्सखोटेन तिथल्या ‘पासों’चे, म्हणजे बेटावरून मुख्य भूमीकडे जाणाऱ्या उतारांचे वर्णन करतो. त्यांतील बाणस्तारीचा उतार आजही नावाने ओळखीचा आहे. प्रत्येक उतारावर पहारा असे. बेटावर राहणारे हिंदू, मुसलमान आणि दख्खनी लोक धान्य-भाजीपाला आणायला पलीकडे जात, तेव्हा त्यांच्या उघड्या दंडावर शिक्का उमटवला जाई. परत येताना तो शिक्का दाखवावा लागे आणि बाजारुक नावाची बारीक नाणी द्यावी लागत.

१७/
या ओळींपाशी थोडे थांबायला हवे. व्हेनिसचा व्यापारी हजारो कोसांवरून येऊन ओळखीच्या आणि पत्रांच्या आधारावर आत शिरत होता. ज्याच्या आजा-पणजाने ती खाडी रोज ओलांडली, त्याला मात्र स्वतःच्या घरी परतण्यासाठी दंड उघडा करून दाखवावा लागत होता. एकाचा परवाना कागदावर, दुसऱ्याचा कातडीवर. प्रवेशाचे नियम परक्यांसाठी असतात, अशी आपली समजूत असते. सत्ता नवी असली की ते नियम आधी स्थानिकांना लागू होतात, हे या उतारांवर दिसते.

१८/
चाळीस वर्षांनी, फेब्रुवारी १६२३ मध्ये, रोमचा उमराव पिएत्रो देल्ला व्हाल्ले इंग्रजी जहाजातून सुरतेला आला. त्याची पत्नी सित्ती मआनी ही बगदादकडची ख्रिस्ती स्त्री. ती १६२१ च्या अखेरीस होर्मुझजवळ मीनाब येथे वारली होती. तिला रोमच्या कौटुंबिक दफनस्थळीच ठेवायचे, असा त्याचा निश्चय होता. म्हणून तिचा मसाले भरून टिकवलेला देह पेटीत घालून तो बरोबर नेत होता. ती पेटी कित्येक वर्षे त्याच्या सामानातून देशोदेशीच्या जकातखान्यांवरून गेली आणि अखेर रोमला पोहोचली. त्याच्याबरोबर मारिया तिनातिन ही जॉर्जियन मुलगीही होती.

१९/
सुरतेच्या मुघल जकातखान्यात सामानाची कसून झडती होई; देल्ला व्हाल्लेही तीतून गेला. येणाऱ्यापेक्षा जाणाऱ्यावर मुघल बंदराची नजर अधिक तिखट असे: शहर सोडण्यासाठी अंमलदाराची लेखी परवानगी लागे. पुढची अडचण वेगळीच होती. १६२२ मध्ये इंग्रजांच्या मदतीने इराणने पोर्तुगीजांकडून होर्मुझ हिसकावले होते. इंग्रजी जहाजातून आलेला माणूस पोर्तुगीज मुलखात शिरणार म्हणजे संशय ओघाने आलाच. देल्ला व्हाल्लेला तारले ते त्याच्या धर्माने आणि ओळखींनी. दमण, वसई, चौल करीत तो एप्रिलमध्ये गोव्याला पोहोचला आणि जेझुइटांकडे उतरला.

२०/
त्याच वर्षी त्याला इक्केरीच्या नायकांचे राज्य पाहायचे होते. एकट्याने जाणे अवघड. म्हणून पोर्तुगीजांच्या वतीने वेंकटप्पा नायकाकडे निघालेल्या जुआंव फेर्नांदिश लैतांव याच्या वकिलातीत तो सामील झाला. नायकाच्या बाजूने या मंडळींबरोबर विठ्ठल शेणवी हा वकील होता. नाव मराठी-कोकणी वाचकाला घरचे वाटावे असेच. दोन दरबारांमधल्या बोलण्यांत शेणवी मंडळी दुवा म्हणून वावरत आणि परक्याला दार उघडून देणारा माणूस पुष्कळदा तोच असे. वकिलातीच्या परिवारात नाव असणे, हाच देल्ला व्हाल्लेचा परवाना ठरला.

२१/
व्हेनिसच्या निकोलाव मनुचीची गोष्ट याहून निराळी. पोरवयात जहाजात लपून तो घरातून पळाला. १६५६ मध्ये सुरतेला उतरला, तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे असे कुणाचेही पत्र नव्हते. ज्या इंग्रज वकिलाच्या आश्रयाने तो आला, तोही त्याच वर्षी वाटेत वारला. मनुची दारा शुकोहच्या तोफखान्यात शिरला, पुढे मिर्झा राजा जयसिंगाकडे राहिला आणि १६६५ मध्ये त्या छावणीत त्याने शिवाजी महाराजांना पाहिले. नंतर वैद्यकी हा त्याचा आधार झाला. संभाजी महाराज आणि पोर्तुगीज यांच्यात युद्ध पेटले तेव्हा गोव्याच्या व्हाइसरॉयने त्याला महाराजांकडे बोलणी करायला धाडले.

२२/
मनुचीला आत येणे कधीच जड गेले नाही. फारसी येत होती, तोफा कळत होत्या, नाडी पाहता येत होती. अशा माणसाला दख्खनच्या युद्धकाळात कोणीही ठेवून घेई. जड गेले ते बाहेर पडणे. शाहजादा शाह आलमच्या चाकरीतून सुटण्यासाठी त्याला निसटून गोवळकोंड्याकडे आणि तिथून मद्रासला जावे लागले. चाकरी स्वीकारणे म्हणजे धन्याच्या परवानगीवाचून न हलणे. हुन्नर हा आत येण्याचा परवाना होता. तोच बाहेर जाण्याच्या वाटेवरचा अडसरही होता.

२३/
१६९५ मध्ये नेपल्सचा कायदेपंडित जेमेल्ली कारेरी आला. तो व्यापारी नव्हता, पाद्री नव्हता, कुणाचा दूतही नव्हता. त्याला केवळ जग पाहायचे होते. दमण, सुरत, वसई, कान्हेरीची लेणी, गोवा असे पाहून तो कृष्णाकाठी गलगल्याला औरंगजेबाच्या छावणीत गेला. बादशहाने त्याला भेट दिली आणि प्रश्न केले: कोणत्या देशाचा, इथे का आलास, चाकरी करायची आहे काय? हंगेरीत तुर्कांशी चाललेल्या युद्धाचीही त्याने चौकशी केली. आज विमानतळावरचा अधिकारी जे विचारतो, त्याहून हे फार वेगळे नाही. ‘केवळ पाहायला आलो’ हे उत्तर मान्य झाले, हे विशेष.

२४/
मराठ्यांच्या राज्यातील शब्द होते दस्तक, कौल आणि अभयपत्र. दस्तक हा वाटेतील चौकीदार, किल्लेदार, कमाविसदार यांना उद्देशून लिहिलेला हुकूम असे: अमुक माणूस, अमुक सामान, अमुक ठिकाणी जात आहे, अडथळा करू नये. काशीयात्रेला निघालेल्यांना पेशवे अशी दस्तके देत. पुण्यात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यांची नोंद कोतवालाकडे होई. समुद्रावर कान्होजी आंग्र्यांनी व्यापारी जहाजांनी आपले दस्तक घ्यावे असा आग्रह धरला. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटले. दोनशे वर्षे पोर्तुगीज जे करीत आले, तेच मराठी सरखेलाने केल्यावर त्याचे नाव बदलले.

२५/
शेवटचा टप्पा पुन्हा वऱ्हाडात. १८०३ च्या युद्धानंतर १७ डिसेंबरला देवगाव येथे नागपूरकर भोसल्यांशी आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी इंग्रजांचे तह झाले. दोन्ही ठिकाणे वऱ्हाडातली. अंजनगाव सुर्जी आज अमरावती जिल्ह्यात आहे. दोन्ही तहांत एक कलम सारखे होते: फ्रेंच किंवा इंग्रजांशी युद्धात असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकन सत्तेचा माणूस चाकरीत ठेवायचा नाही. इंग्रजांचा प्रजाजनही त्यांच्या संमतीवाचून ठेवायचा नाही. शिंद्यांच्या फौजेत नेपल्सच्या मायकेल फिलोसचे घराणे होते. त्याचा मुलगा जाँ बाप्तिस्त पुढेही अनेक वर्षे ग्वाल्हेरच्या सैन्यात राहिला. पण कुणाला ठेवावे, हा निर्णय आता एकट्या शिंद्यांचा नव्हता.

२६/
या कलमाचे महत्त्व लढाईतल्या पराभवापेक्षा कमी नाही. गोव्याचा आदिलशाही अंमलदार कातड्याचे जाकीट चढवून स्वतः पाहुण्याची परीक्षा घेत होता. औरंगजेब स्वतः प्रश्न विचारत होता. आत कोण येणार, कोण राहणार, हे ठरवण्याचा हक्क म्हणजेच सत्ता. वऱ्हाडातल्या दोन छावण्यांमध्ये डिसेंबर १८०३ च्या दोन आठवड्यांत तो हक्क दोन मराठी दरबारांच्या हातून गेला. १८५३ मध्ये खुद्द वऱ्हाडचा कारभारच निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १९२० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात पारपत्राचा कायदा आला आणि छायाचित्र लावलेली पुस्तिका हाच दाराचा नियम झाला.

२७/
म्हणून प्रवासवर्णने वाचताना एक सवय लावून घ्यावी. प्रवाशाने काय पाहिले, हे वाचण्याआधी तो आत कसा आला ते शोधावे. कोणाचे पत्र होते, जामीन कोण राहिला, कोणता हुन्नर कामी आला, वाटाड्या आणि दुभाषा कोण होता? वार्थेमा, देल्ला व्हाल्ले, मनुची, कारेरी यांची नावे त्यांच्या पुस्तकांनी टिकवली. बाणस्तारीच्या उतारावर दंडावर शिक्का घेऊन भाजी आणायला गेलेल्या बाईचे नाव कुठल्याही पुस्तकात नाही. तो शिक्का दोन दिवसांत पुसलाही गेला असेल. पण त्या दारातून सर्वांत जास्त वेळा गेलेली प्रवासी तीच होती, आणि दख्खनच्या दारांचा इतिहास तिच्यावाचून अर्धाच राहतो.